एकच बिल्डिंग, चार दंड: लोकल लॉ ९७ च्या फुकट कॅल्क्युलेटरचा रिव्ह्यू

आधी स्टार सांगून टाकते, साडेतीन. एक स्टार त्या गॅसच्या रकान्यासाठी कापलाय आणि अर्धा कशासाठी ते पुढे येईलच. कॅल्क्युलेटरचं नाव देत नाहीये कारण खाली बरीच कुरकुर आहे आणि बिचारे पुढच्या महिन्यात सुधारतीलसुद्धा, आणि तसंही न्यूयॉर्कमधल्या बिल्डिंगचा कार्बन दंड काढून देणारी अशी पाच-सहा पानं नेटवर सापडतात, सगळ्यांची ठेवण साधारण सारखीच, त्यामुळे माझ्या चुका तुम्हाला कुठल्याही पानावर उपयोगी पडतील.

मी कोण, तर क्वीन्समधल्या एका सहा मजली को-ऑपची खजिनदार. को-ऑप म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायटीसारखंच, फ्लॅट तुमच्या नावावर नसतो, कंपनीचे शेअर्स असतात आणि महिन्याला मेंटेनन्स. खजिनदार झाले कारण वार्षिक सभेला वीस मिनिटं उशिरा पोचले, तोवर माझ्या नावाला अनुमोदनही मिळून गेलं होतं. एकशे चार फ्लॅट, पन्नासच्या दशकातलं बांधकाम, तळघरात गॅसचा बॉयलर, आणि खोल्याखोल्यांत खडखडणारे स्टीमचे रेडिएटर. इंजिनियर वगैरे मी नाही, अकाउंट्स बघते, म्हणजे आकडे जुळले नाहीत तर झोप येत नाही एवढीच पात्रता.

ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. २०१९ साली शहराने कायदा केला, लोकल लॉ ९७, की साधारण २५,००० स्क्वेअर फुटांपेक्षा मोठ्या बिल्डिंगने वर्षाला किती कार्बन सोडायचा याला मर्यादा. शहरातला जवळपास दोन तृतीयांश कार्बन बिल्डिंगांमधूनच येतो म्हणून मोर्चा बिल्डिंगांकडे वळलाय. मर्यादेच्या वर गेलात तर दर टनाला २६८ डॉलर, दर वर्षी. पहिला टप्पा २०२४ ते २०२९, दुसरा २०३० ते २०३४, पुढे मर्यादा खाली खाली जात २०५० ला शून्य. हिशोब तसा तिसरीतल्या मुलाचा आहे. जेवढा गॅस, वीज, तेल जाळलं त्याला प्रत्येकाच्या ठरलेल्या गुणकाने गुणायचं, बेरीज करायची, त्यातून स्क्वेअर फूट गुणिले मर्यादा वजा करायची, जे उरेल त्याला २६८ ने गुणायचं. झालं. आता एवढ्या सोप्या हिशोबात एकाच बिल्डिंगचे चार वेगवेगळे दंड कसे निघाले ते सांगते.

पान उघडलं की आधी पत्ता विचारतं. पत्ता टाकला की शहराच्या नोंदीतून बिल्डिंगचा ब्लॉक-लॉट नंबर, बांधकामाचं साल, स्क्वेअर फूट सगळं आपोआप भरून येतं, आणि ते बघून मला फार भारी वाटलं, म्हटलं चला निम्मं काम झालं. मग खाली वापराचा प्रकार, आमचा मल्टिफॅमिली हाउसिंग, मग इंधनांचे रकाने, वीज, नॅचरल गॅस, दोन नंबरचं तेल, चार नंबरचं तेल (हे बॉयलरच्या जळणाच्या तेलाचे प्रकार), आणि मॅनहॅटनवाल्यांसाठी कॉन एडिसन कंपनीची स्टीम वेगळी. शेवटी एक हिरवं बटण. दिसायला स्वच्छ, जाहिराती नाहीत, ईमेल मागत नाही, हे खरंच कौतुकाचं, कारण बाकीच्या दोन पानांनी निकाल दाखवायच्या आधी माझा फोन नंबर मागितला आणि एकीकडे मी दिला, तेव्हापासून एक गृहस्थ मला दर मंगळवारी सोलर पॅनेलबद्दल फोन करतात.

मी गॅसच्या रकान्यात वर्षाचा आकडा टाकला, ८२,०००. बटण दाबलं. गॅसमुळे होणारं उत्सर्जन, साडेचार टनसुद्धा नाही. मी खूश. नवरा मागून चहाचा कप घेऊन डोकावला आणि म्हणाला, "अगं, साडेचार टनात एकशे चार घरं? आपली बिल्डिंग काय नुसत्या आठवणीवर गरम होते का? हे थर्म आहेत की केबीटीयू ते तरी बघ." झालं असं की दोन्ही उष्णतेची मापं, पण गॅसच्या बिलावर आकडा थर्ममध्ये येतो आणि ह्या पानाच्या रकान्यात हवा असतो केबीटीयू, आणि एका थर्मात शंभर केबीटीयू. हे लिहिलंय कुठे, तर रकान्याच्या आत फिकट राखाडी अक्षरात, आणि टाइप करायला लागलं की ती अक्षरं गायब. अरे बाबांनो, शेजारी एक छोटा ड्रॉपडाउन द्या ना, थर्म की केबीटीयू, त्याला काय रॉकेट लागतं. हा तो कापलेला एक स्टार. दोन शून्यं वाढवली तेव्हा गॅसचे ४३५.५ टन आले, आणि नवऱ्याचा चहा त्या दिवशी जरा जास्तच वेळ चालला.

आता वीज. इथे मी जी चूक केली ती, मी पैज लावते, निम्म्या खजिनदारांनी केली असेल. माझ्याकडे को-ऑपच्या नावाची वीजबिलं असतात, जिन्यातले दिवे, लिफ्ट, लाँड्री रूम, बॉयलरचे पंप. वर्षाचे १,४०,००० युनिट. तेवढेच टाकले. निकाल छान आला, २०२४ च्या टप्प्यात दंड शून्य, २०३० मध्ये १६,३२१ डॉलर. मी तो कागद प्रिंट करून बोर्डाच्या मीटिंगला नेला, बॉयलर रूमच्या बाजूच्या खोलीत आमची मीटिंग होते, आणि सगळ्यांना वाटला. आमच्या मॅनेजिंग एजंटने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "मॅडम, ह्यात लोकांच्या घरातली वीज आहे का?" मी म्हटलं ती कशाला, ते आपापलं बिल भरतात. तर नाही. कायदा अख्ख्या बिल्डिंगचा हिशोब करतो. तुमच्या फ्लॅटमधला एसी, फ्रिज, मुलाचा गेमिंग कॉम्प्युटर, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं मत्स्यालय, मीटर कोणाचंही असो, टन सोसायटीच्या खात्यावर. आणि दंडाचं बिलही सोसायटीला, फ्लॅटवाल्याला नाही.

मग वीज कंपनीकडून अख्ख्या बिल्डिंगचा एकत्रित आकडा मागवला (कोणाच्या घरात किती जळली ते देत नाहीत, फक्त बेरीज, आणि ते बरोबरच आहे). आला ६,१०,००० युनिट. म्हणजे माझ्या १,४०,००० च्या चौपटीहून जास्त! तो घातल्यावर २०३० चा दंड गेला ३४,५८५ डॉलरवर. एका रकान्याने दुप्पट. कॅल्क्युलेटरने त्या रकान्यावर नुसतं "वीज" लिहिलंय. "अख्ख्या बिल्डिंगची वीज, फ्लॅट धरून" एवढे चार-पाच शब्द जास्त लिहिले असते तर माझी मीटिंगमधली शोभा वाचली असती. अर्धा स्टार इथे गेला.

सोप्या भाषेत हिशोब मांडते म्हणजे कोणाला पडताळायचा असेल तर बरं. आमचं क्षेत्रफळ १,१८,००० स्क्वेअर फूट. पहिल्या टप्प्यात राहत्या बिल्डिंगला स्क्वेअर फुटामागे ०.००६७५ टन, म्हणजे ७९६.५ टनांची मुभा. आमचे गॅसचे ४३५.५ आणि विजेचे १७६.३ मिळून ६११.८. अजून पावणेदोनशे टनांच्या वर जागा आहे, म्हणून २०२९ पर्यंत आम्ही सुखात. २०३० पासून मुभा होते ०.००३३४६६४, म्हणजे ३९४.९ टन, निम्म्याच्याही खाली. पण त्याच वेळी विजेचा गुणकही अर्धा होतो, युनिटमागे ०.०००२८८९६२ वरून ०.०००१४५, कारण तोवर ग्रिडमध्ये स्वच्छ वीज वाढेल असं धरलंय. गॅसचा गुणक मात्र तिथल्या तिथे, गॅस जाळला की गॅसच जळतो, त्यात सुधारणा कुठून येणार. म्हणून २०३० ला आमचे ५२४ टन, मुभा ३९५, वरचे १२९, गुणिले २६८.

२०३० ची ही उतरलेली मुभा आणि विजेचा हा अर्धा गुणक लक्षात ठेवा कारण तिसरा आणि चौथा दंड त्यातूनच निघाले.

तिसरा दंड आला शेजारच्या को-ऑपच्या खजिनदाराकडून. हे गृहस्थ वीस वर्षं खजिनदार आहेत आणि त्यांच्याकडे स्वतःची एक्सेल शीट आहे, जी ते कोहिनूर असल्यासारखी सांभाळतात. त्यांनी आमचे आकडे त्यात घातले आणि म्हणाले, कसले चौतीस हजार, ११,७०९ डॉलर होतात फक्त, तुझं ते वेबपान बोगस आहे. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं परत. दोन रात्री बसले. शेवटी सापडलं, त्यांच्या शीटमध्ये २०३० ची मर्यादा ०.००४०७ होती. ती खोटी नाही, २०१९ च्या मूळ कायद्यात राहत्या बिल्डिंगांसाठी तोच आकडा होता. पण नंतर शहराच्या बिल्डिंग्ज खात्याने नियम केले, जुने ऑक्युपन्सी ग्रुप (बिल्डिंग कोडातले वापराचे गट) जाऊन एनर्जी स्टार पोर्टफोलिओ मॅनेजर ह्या बिल्डिंगांचा ऊर्जा वापर नोंदवायच्या ऑनलाइन साधनातले वापराचे प्रकार आले, साठच्या आसपास, आणि प्रत्येकाची मर्यादा नव्याने ठरली. राहत्या बिल्डिंगांची २०३० ची मर्यादा त्यात खाली आली. त्यांची शीट २०१९ मध्येच थांबलेली. ह्या बाबतीत कॅल्क्युलेटरला पैकीच्या पैकी, ह्याने नवे आकडे घेतलेत आणि निकालाच्या खाली कुठली मर्यादा वापरली ते सहा दशांश स्थळांपर्यंत लिहून दाखवतो. ज्या पानावर हे लिहिलेलं नसेल ते सरळ बंद करा. (शेजारच्या काकांना मी अजून सांगितलेलं नाही, त्यांच्या बायकोला सांगितलंय.)

चौथा दंड फारच मजेशीर. एका कन्सल्टंट कंपनीने आमच्या बोर्डाला फुकट अंदाजपत्रक पाठवलं, गुळगुळीत बारा पानी पीडीएफ, पहिल्याच पानावर लाल अक्षरात ५८,१२० डॉलर दर वर्षी, आणि शेवटच्या पानावर त्यांची फी. बोर्डातल्या दोघा जणांचा चेहरा पांढरा पडला, एकजण म्हणाला सगळ्यांनी फ्लॅट विकून न्यू जर्सीला जाऊ. मी पुन्हा कॅल्क्युलेटर उघडला आणि उलटा हिशोब करत बसले की हे ५८,१२० येतात कुठून. ह्यांनी मर्यादा २०३० ची घेतली होती आणि विजेचा गुणक २०२४ चा! म्हणजे कडक नियम नव्या वर्षाचा आणि घाण वीज जुन्या वर्षाची, दोन्हीकडून आम्हीच मार खाणारे. चूक होती की युक्ती ते देव जाणे. मी ईमेल करून विचारलं तर उत्तर आलं की हा "सावध अंदाज" आहे. सावध कोण, ते नाही सांगितलं.

तर ११,७०९, १६,३२१, ३४,५८५, ५८,१२०. बिल्डिंग तीच, बॉयलर तोच, दोनशे सहासष्ट पायऱ्याही त्याच.

पाचवाही होऊ शकला असता. सुरुवातीला पान आपोआप स्क्वेअर फूट भरतं म्हटलं ना, त्याने भरले होते १,०९,०००. हा आकडा शहराच्या मालमत्ता कराच्या नोंदीतून येतो आणि ती नोंद कधी, कोणी, कशी मोजली ते विचारायचं नाही. लोकल लॉ ९७ चं क्षेत्रफळ बाहेरच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून मोजतात, जिने, लिफ्टचा खड्डा, बॉयलर रूम, तळघर धरून. आमच्या आर्किटेक्टच्या नकाशावरून १,१८,००० आले. नऊ हजारांचा फरक, त्याचे २०३० च्या मर्यादेने तीस टन, म्हणजे वर्षाला आठ हजार डॉलरच्या वर. मला आधी वाटायचं क्षेत्रफळ कमी दाखवलं तर कर वाचतो तसं इथेही असेल. इथे उलटं, जागा जास्त तेवढी मुभा जास्त. म्हणून उगाच वाढवून लिहू नका हं, रिपोर्टवर परवानाधारक इंजिनियर किंवा आर्किटेक्टची सही लागते आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं तर पाच लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तळघर मोजायला विसरूही नका. कॅल्क्युलेटरमध्ये हा आकडा बदलता येतो, मात्र त्यासाठी एका बारक्या पेन्सिलच्या चित्रावर क्लिक करावं लागतं, ते मला तिसऱ्या दिवशी दिसलं. पार्किंग गॅरेज किंवा खाली दुकानं असतील तर ती जागा वेगळी तोडून टाका, प्रत्येक प्रकाराची मर्यादा वेगळी असते, आणि "आणखी प्रकार जोडा" हे बटण चांगलं चालतं.

आता ज्याच्यासाठी मी हे पान बुकमार्क केलंय ती गोष्ट. निकालाच्या खाली एक सरकपट्टी आहे, गॅस इतके टक्के कमी, वीज इतके टक्के कमी, आणि दंडाचा आकडा तिथल्या तिथे हलतो. हे खेळणं नाहीये, ह्याने आमच्या बोर्डाचं भांडण मिटवलं. आमच्याकडे वर्षभर वाद चालला होता की जिन्यातले दिवे एलईडी करायचे की रेडिएटरवर पैसे घालायचे. सरकपट्टीने दाखवलं की जिन्यातली वीज पूर्ण बंद करून अंधारात चाललो तरी २०३० मध्ये फार तर वीस टन वाचतात, आणि गॅस नुसता दहा टक्के उतरवला तर ४३.५५ टन, म्हणजे ११,६७१ डॉलर. मग मी रुमालावर हिशोब केला तो तुम्हालाही देते, मर्यादेच्या वर गेल्यावर जाळलेला प्रत्येक थर्म दंडात १ डॉलर ४२ सेंटचा पडतो, गॅसच्या बिलाव्यतिरिक्त. विजेचं एक युनिट २०३० मध्ये जेमतेम चार सेंटचं. हे दोन आकडे मी मीटिंगच्या फळ्यावर लिहिले आणि दहा मिनिटं कोणी बोललं नाही, आमच्या बोर्डात हा विक्रम असावा.

दंड पूर्ण टाळायचा तर आमचा गॅस साधारण तीस टक्के खाली यायला हवा. ऐकायला भयंकर वाटतं, पण जानेवारीत आमच्या बिल्डिंगखाली उभं राहून वर बघा. बाहेर पाणी गोठतंय आणि पाचव्या-सहाव्या मजल्याच्या निम्म्या खिडक्या सताड उघड्या, पडदे बाहेर फडफडतायत, कारण वरच्या घरांमध्ये भट्टी पेटलेली असते आणि पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या बाई सुपरला (बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस) फोन करून रेडिएटर गार आहे म्हणून ओरडत असतात. सुपर बिचारा काय करणार, शहराचा नियम आहे, एक ऑक्टोबर ते एकतीस मे, दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात ६८ पाहिजेच. तो कोपऱ्यातल्या बाईंच्या घरात ६८ व्हावेत म्हणून बॉयलर चालवतो आणि वर ८२ होतात. मी स्वतः सुपरबरोबर थर्मामीटर घेऊन फिरले, सहाव्या मजल्यावर रात्री अकरा वाजता ८१, आणि तिथल्या मुलीने टेबलफॅन लावला होता. फेब्रुवारीत! वर आपण गॅसचे पैसे भरतोय, पुढे त्याच गॅसचा दंड भरणार, आणि मधे ती उष्णता खिडकीतून बाहेर चाललीय. रेडिएटरला थर्मोस्टॅटचे व्हॉल्व्ह, तळघरातल्या पाइपांना नीट गुंडाळलेलं इन्सुलेशन, स्टीमचे ट्रॅप बदलणं, हवा बाहेर टाकणारे व्हेंट, असली किरकोळ वाटणारी कामं आधी करायची असं ठरलंय. बॉयलर काढून हीट पंप (उलटा चालवलेला एसी म्हणा, विजेवर बाहेरची उष्णता आत आणतो) हा नंतरचा प्रश्न, त्याला पैसा लागतो.

हीट पंपाचं निघालंच आहे तर कॅल्क्युलेटरचं सगळ्यात मोठं भोकही सांगते. त्यात हीट पंपाचं क्रेडिट धरायची सोयच नाही. नियमात हीट पंपाच्या विजेला वेगळी सूट आहे आणि २०२७ च्या आधी बसवला तर जास्त, पण हा पठ्ठ्या ती वीज फ्रिजच्या विजेसारखीच मोजतो. तसंही हीट पंप जिंकतोच, तेवढ्याच उबेला गॅसच्या चौथाई कार्बनसुद्धा नाही होत २०३० च्या गुणकाने, पण क्रेडिट वगळून काढलेला आकडा बोर्डाला दाखवला तर काम लांबणीवर पडतं. तसंच आरईसी, म्हणजे स्वच्छ विजेची प्रमाणपत्रं, त्यांचाही रकाना नाही. शहराला वीज पोचवणाऱ्या ठरावीक प्रकल्पांचीच चालतात आणि त्यांनी फक्त विजेचे टन खोडता येतात, गॅसचे नाही, पण आमचे विजेचे २०३० मध्ये ८८ टन आहेत, १२९ पैकी ही काही छोटी गोष्ट नाही. आणि हवामान! कायदा वर्षभरात खरोखर जेवढं जळलं तेवढं मोजतो, थंडी जास्त पडली म्हणून सवलत नाही. एका कडक हिवाळ्यात आमचा गॅस सहज वरखाली होतो. पान मात्र एकच आकडा असा छातीठोकपणे दाखवतं की जणू थंडीने त्यांना आधीच कळवलंय. निदान तीन वर्षांची बिलं घालून तीन निकाल काढा, मी तसंच केलं.

ज्यांच्या बिल्डिंगमध्ये भाडेनियंत्रित किंवा परवडणारी घरं बरीच आहेत त्यांनी तर हे पान उघडूच नये, म्हणजे उघडा, पण घाबरू नका. त्यातल्या बऱ्याच बिल्डिंगांना वेगळी वाट आहे, आर्टिकल ३२१, त्यात तेरा ठरलेल्या सुधारणा करायच्या, टनांचा हिशोब नाही. पान त्याबद्दल चकार शब्द काढत नाही आणि सगळ्यांना सारखाच दंड लावून मोकळं होतं.

उशीर झाला तर काय, हेही नाही त्यात. रिपोर्ट दर वर्षी एक मे पर्यंत, पहिला २०२४ सालचा, २०२५ मध्ये द्यायचा होता, आणि उशिराचा दंड वेगळा, दर महिन्याला स्क्वेअर फुटामागे अर्धा डॉलर. आमच्या बिल्डिंगचा करून बघा, ५९,००० डॉलर. महिन्याला! म्हणजे आमच्यासारख्या आत्ता मर्यादेच्या आत असलेल्या बिल्डिंगने कागद वेळेवर दिला नाही तर २०३० च्या अख्ख्या वर्षाच्या दंडाहून जास्त एका महिन्यात. हे पहिल्या पानावर लाल अक्षरात हवं, ते ५८,१२० नव्हे.

दारावर लावलेल्या अक्षराशीही गल्लत करू नका. आमच्या प्रवेशद्वारावर एनर्जीचा सी लागलाय, तो लोकल लॉ ३३ चा, आणि एका शेअरहोल्डरने गंभीरपणे विचारलं की सी म्हणजे कार्बन का. ते ऊर्जा वापराचं ग्रेड आहे, दंडाशी थेट संबंध नाही. आणि कायदा रद्द होणार म्हणून हातावर हात ठेवून बसलेल्यांसाठी, आपल्या क्वीन्समधल्याच ग्लेन ओक्स व्हिलेज को-ऑपने कोर्टात धाव घेतली होती, म्हणणं असं की राज्याचा हवामान कायदा असताना शहराचा चालणार नाही. मे २०२५ मध्ये कोर्ट ऑफ अपील्सने, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, ते मानलं नाही. आमच्या लाँड्री रूममध्ये मात्र अजूनही "ते रद्द होतंय म्हणे" चालूच आहे.

घाबरलेल्या शेअरहोल्डरांना मी शेवटी ३४,५८५ ला १०४ ने भागून दाखवलं, फ्लॅटमागे वर्षाला ३३३ डॉलर, महिन्याला २८ च्या आत. त्यावर दोन प्रतिक्रिया आल्या आणि दोन्ही मला आवडल्या नाहीत. एक, एवढंच ना, मग भरू की. दुसरी, तरी पण मेंटेनन्स वाढणारच. पहिलीला मी सांगितलं की २०३५ ला मुभा परत खाली जाते आणि त्याच बॉयलरने तेव्हा काय होईल ते सरकपट्टीवर येऊन बघा, तिथे २०३५ चं टॅब आहे. दुसरीला उत्तर नाही, मेंटेनन्स वाढणारच.

तर वापरा, फुकट आहे, पण अंतिम म्हणून नाही. सही करणारा इंजिनियर लागतोच, आणि शहराची एनवायसी अ‍ॅक्सिलरेटर नावाची सल्ला सेवाही फुकट आहे, विकायला काही नसलेल्या माणसाशी बोलायला बरं वाटतं. एवढंच की अख्ख्या बिल्डिंगचा विजेचा आकडा यायला आम्हाला पाच आठवडे लागले, तेवढ्यात मी चुकीचा कागद वाटून मोकळी झाले होते. तो अर्ज जानेवारीतच टाका, कॅल्क्युलेटर नंतर उघडा. आणि प्रिंट काढणार असाल तर कागद आडवा ठेवा, उभ्यात शेवटचा रकाना कापला जातो आणि नेमका त्यातच दंड असतो.